जुन्या हार्ड डिस्कमधील हिशेब नव्या संगणकावर कसा न्यावा?

दुकानात नवा संगणक आला की जुन्याचे काय करायचे हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो. बहुधा जुना डबा माळ्यावर टाकला जातो, नाही तर भंगारवाल्याला दिला जातो. डब्याला फारशी किंमत येत नाही हे खरे. परंतु त्याच्या आत बसवलेल्या हार्ड डिस्कवर दहा-पंधरा वर्षांची उधारी, गिऱ्हाइकांची नावे, मापे, डिझाइने आणि बिले असतात. त्यांचे मोल भंगाराच्या काट्यावर होत नाही. विलेपार्ल्यात इर्ला, एस. व्ही. रोड व स्टेशनच्या आसपास कपडा, भरतकाम, फर्निचर, छपाई, झेरॉक्स असे धंदे करणाऱ्या आपल्या बांधवांसाठी हे काम पायरीपायरीने कसे करावे ते आम्ही येथे सांगत आहोत.

हा विषय आताच घेण्याचे कारण आहे. विंडोज १० ला कंपनीकडून नेहमी मिळणारी सुरक्षेची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि एक्सपीची ८ एप्रिल २०१४ रोजीच बंद झाली होती. विंडोज ११ मात्र साधारण २०१७-१८ पूर्वीच्या बहुतेक संगणकांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे अनेक दुकानांत एकदम नवे यंत्र घ्यावे लागत आहे आणि जुन्या डिस्कचा प्रश्न सर्वांपुढेच आला आहे.

हिशेब म्हणजे अमानत

उधारी लिहून ठेवणे ही आपल्याकडे केवळ धंद्याची सोय नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची नोंद करावी, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा आदेश आहे. कुरआनातील ही सर्वांत लांब आयत होय. तसेच सूरह निसाच्या ११ व्या आयतीप्रमाणे वारसांचे हिस्से वसीयत व कर्ज फेडल्यानंतरच पडतात. आता असे पाहा की, दुकानाचा कर्ता पुरुष अल्लाहला प्यारा झाला आणि कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे हे सर्व माळ्यावरच्या एका डिस्कमध्ये राहिले. ती डिस्क उघडत नसेल तर वारसांनी वाटणी कशावरून करावी? कर्जे-हसना दिलेल्याला ते परत कसे मिळावे? आणि आपल्यावर कोणाचे देणे बाकी राहिले तर त्याचा भार कोणावर?

सरकारी कायदाही येथे लागू आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची शेवटची तारीख उलटल्यापासून ७२ महिने हिशेबाचे दप्तर जपावे लागते. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही जास्त. नोटीस आल्यावर “कॉम्प्युटर बदलला” हे उत्तर चालत नाही. आयकरासाठी किती वर्षांचे दप्तर लागेल ते आपल्या सी.ए.ला विचारून ठेवावे.

२६ जुलैचा धडा

पार्लेकरांना २६ जुलै २००५ विसरता येणार नाही. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढ्याच वेळात कुलाब्यात पडला केवळ ७३ मिलीमीटर. मिठी नदी फुगली, त्यातच समुद्राला भरती होती, विमानतळ बंद पडला आणि पार्ले-सांताक्रूझच्या सखल भागांतील तळमजल्यांवर पाणी चढले. दुकानात संगणकाचा डबा टेबलाखाली जमिनीवरच ठेवण्याची पद्धत असल्याने पाणी शिरले की पहिल्याप्रथम तोच बुडतो.

अशा वेळी काय करू नये हे ध्यानात ठेवावे. हार्ड डिस्क पूर्ण बंद दिसली तरी बहुतेक डिस्कच्या झाकणावर हवेच्या दाबासाठी बारीक छिद्र असते व त्यातून पाणी आत जाऊ शकते. भिजलेली डिस्क चालू करून पाहू नये. हेअर ड्रायरने किंवा उन्हात वाळवू नये, कारण पाणी सुकले की गाळ व क्षार तबकडीवर चिकटून बसतात. डिस्क ओलसर फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, डेटा परत मिळवण्याचे काम करणाऱ्या जाणकाराकडे लवकरात लवकर न्यावी.

आशा मात्र सोडू नये. १ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना आकाशात फुटले. या अपघातात आपल्या कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. त्या यानातील एक होरपळलेली हार्ड डिस्क पुढे अवशेषांत सापडली आणि तज्ज्ञांनी तिच्यातील बहुतेक माहिती परत मिळवली. त्या माहितीवरून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्धही झाले. जी डिस्क कोणी घाईने उघडली किंवा पुन्हा पुन्हा चालवली नाही, तिच्यातून पुष्कळ काही मिळू शकते.

आपली डिस्क कोणत्या जातीची?

डबा उघडण्यापूर्वी वीज बंद करून वायर काढावी. हात एखाद्या रंग न दिलेल्या धातूला लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. मग डिस्कच्या मागील जोडणी पाहावी.

१) आयडीई : साधारण २००५ पर्यंतच्या संगणकांत ही असते. रुंद सपाट पट्टीसारखी केबल, ४० पिना, आणि विजेसाठी चार जाड पिनांचा वेगळा प्लग. मागे एक लहानसा जंपर असतो. तो मास्टर की स्लेव्ह हे ठरवतो. लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला ४४ बारीक पिना असतात व वीजही त्यांतूनच मिळते.

२) साटा : २००३ पासून बाजारात आली. माहितीसाठी सात संपर्कांची अरुंद केबल व विजेसाठी पंधरा संपर्कांचा चपटा प्लग. आजच्या बहुतेक डेस्कटॉप संगणकांतही साटाची सोय असते, त्यामुळे हिचे काम सर्वांत सोपे.

३) स्कझी : जुन्या छापखान्यांतील मॅक संगणकांत व सर्व्हरमध्ये असे. हिला स्वतंत्र कार्ड लागते. ती घरी हाताळण्याच्या भानगडीत पडू नये.

नव्या संगणकाच्या मदरबोर्डवर आयडीईची जागा नसते. तेव्हा यूएसबीला जोडणारा अडॅप्टर घ्यावा. आयडीई व साटा या दोन्हींना चालणारा अडॅप्टर लॅमिंग्टन रोडच्या बाजारात काही शे रुपयांत मिळतो. घेताना त्याच्याबरोबर वेगळा वीजपुरवठा आहे ना हे पाहावे. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात व यूएसबी केवळ ५ व्होल्ट देते. वीज कमी पडली तर डिस्क नुसती टिकटिक करते आणि चांगली डिस्क बिघडली असे वाटते.

आयडीई डिस्क अडॅप्टरला लावताना जंपर ‘मास्टर’वर ठेवावा. चार पिनांच्या वीज-प्लगचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात, ते जुळवूनच लावावा. जबरदस्तीने उलटा बसवला तर डिस्कचे सर्किट जळते. फार जुन्या, म्हणजे सुमारे ५०० मेगाबाइटपेक्षा लहान डिस्क अनेक अडॅप्टरना ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी आयडीई जोडणी असलेला एखादा जुना चालू संगणक शोधावा.

एक गोष्ट पुष्कळजण करतात ती करू नये. जुनी डिस्क नव्या संगणकात बसवून तिच्यावरचेच जुने विंडोज चालू करण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही यंत्रांचे भाग वेगळे असल्याने ते बहुधा चालत नाही, आणि त्या झटापटीत डिस्कवर नव्याने काही लिहिले जाते. जुनी डिस्क ही केवळ वाचण्यासाठी आहे असे समजावे.

जुना संगणक चालू असेल तर

डबा अजून सुरू होत असेल तर तो उघडण्याची घाई नको. आधी त्याच्यावर बसून एक कागद तयार करावा : कोणकोणते सॉफ्टवेअर आहे, त्यांचे परवाना क्रमांक काय, पासवर्ड काय, ई-मेल कोठे साठते. टॅलीचा परवाना असेल तर तो जुन्या यंत्रावरून ‘सरेंडर’ करावा, म्हणजे नव्यावर चालू करताना अडचण येत नाही. प्रत्येक वर्षाचा ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि उधारीची यादी पीडीएफमध्ये काढावी व एकेक छापीलही ठेवावी. पुढे सॉफ्टवेअर बदलले तरी हा कागद वाचता येतो.

येथेच एक सूचना. नवा संगणक घेताना चोरीचे सॉफ्टवेअर पुन्हा भरून घेण्याचा मोह होतो. दुसऱ्याच्या मेहनतीचा मोबदला बुडवून हलाल कमाईचा हिशेब मांडणे शोभत नाही. शिवाय अशा सॉफ्टवेअरबरोबर व्हायरसही येतात. परवडेल ते विकत घ्यावे, न परवडल्यास मोफत व कायदेशीर मिळणारे वापरावे.

नक्कल करण्याचा क्रम

पहिली पायरी : नवी कोरी बाहेरची डिस्क घ्यावी. जुन्या डिस्कवरील सर्व माहितीची पहिली नक्कल या डिस्कवर घ्यावी, सरळ कामाच्या संगणकावर नको. पेनड्राइव्ह नक्कल ने-आण करण्यापुरता ठीक आहे. वर्षानुवर्षे साठवण्यासाठी तो भरवशाचा नाही.

दुसरी पायरी : जुनी डिस्क जोडल्यावर विंडोजने “ही डिस्क फॉरमॅट करायची का?” असे विचारले तर नाही म्हणावे. याचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नव्हे. तिची मांडणी विंडोजला वाचता येत नाही एवढाच आहे. मॅकवर वापरलेली डिस्क असली तरी हाच प्रश्न येतो. होय म्हणणारा आपल्या हाताने दप्तर पुसतो.

तिसरी पायरी : इंटरनेट बंद करून डिस्क व्हायरससाठी तपासावी. विंडोजमध्ये असलेले मोफत साधन यास पुरते. जुन्या काळचे पेनड्राइव्हमधून पसरलेले व्हायरस अशा डिस्कवर अजून बसलेले असतात. तपासणीने काही संशयास्पद दाखवल्यास घाईने पुसू न देता आधी ती हिशेबाची फाईल तर नाही ना हे पाहावे.

चौथी पायरी : जे सर्वांत मोलाचे ते आधी उतरवावे. हिशेब पहिला, मग डिझाइने व गिऱ्हाइकांची माहिती, मग पत्रव्यवहार, शेवटी फोटो. जुनी डिस्क मध्येच मान टाकू शकते, म्हणून हा क्रम पाळावा.

पाचवी पायरी : माहिती कोठे शोधावी? एक्सपीमध्ये ती ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरात व विंडोज ७ पासून पुढे ‘यूजर्स’ या फोल्डरात असते. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायलीही त्यातच असतात. टॅलीच्या ‘डेटा’ फोल्डरात प्रत्येक कंपनीचा आकड्याच्या नावाचा उपफोल्डर असतो, तो अख्खा उचलावा. आउटलुकची टपाल ‘पीएसटी’ फायलीत असते. “परवानगी नाही” असा संदेश आला तर घाबरू नये. फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन मालकी आपल्या नावावर घेतली की तो उघडतो.

सहावी पायरी : मोठी फाईल उतरत नसेल तर बाहेरच्या डिस्कची मांडणी पाहावी. ‘फॅट ३२’ मांडणीवर ४ गिगाबाइटची किंवा त्याहून मोठी फाईल मावत नाही. कोरी असतानाच ती ‘एनटीएफएस’मध्ये फॉरमॅट करून घ्यावी.

फाईल आली, पण उघडते का?

नक्कल झाली म्हणजे काम संपले नाही. फाईल उघडणारे सॉफ्टवेअरही लागते.

टॅली : फार जुन्या आवृत्तीची माहिती नव्या टॅलीत सरळ उघडत नाही, मध्ये रूपांतर करावे लागते. रूपांतर नेहमी नकलेवर करावे, मूळ प्रत हात न लावता बाजूला ठेवावी.

छापखाने व लग्नपत्रिकावाले : १९९४ साली आलेल्या इनपेजने उर्दू छपाईचे काम सोपे केले. परंतु इनपेजच्या जुन्या फायली आणि श्रीलिपीसारख्या मराठी फाँटांत टाइप केलेला मजकूर आजच्या युनिकोड पद्धतीचा नाही. ज्या फाँटांत काम केले ते फाँट नव्या संगणकावर नसतील तर सर्व मजकूर चिन्हांचा चिवडा दिसतो. म्हणून विंडोजच्या आतील ‘फाँट्स’ फोल्डरही उचलावा. कोरल ड्रॉच्याही फार जुन्या फायली नव्या आवृत्त्या उघडत नाहीत, त्या मधल्या आवृत्तीत उघडून पुन्हा साठवाव्यात. काही सॉफ्टवेअरना पॅरलल पोर्टला लावायची डाँगल लागत असे. नव्या संगणकाला तो पोर्ट बहुधा नसतो. अशांनी जुना संगणक लगेच मोडू नये.

भरतकामाचे कारखानदार : मशीनला जाणारी ‘डीएसटी’ फाईल केवळ टाक्यांची असते. मूळ डिझाइनची फाईल, उदाहरणार्थ विलकॉमची ‘ईएमबी’, हाती असेल तरच आकार व टाक्यांची घनता नीट बदलता येते. दोन्ही जपाव्यात. फ्लॉपीवर राहिलेली डिझाइनेही याच वेळी यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह लावून उतरवून घ्यावीत. फ्लॉपीला बुरशी लागली असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये, ड्राइव्हही बिघडतो.

डिस्क आजारी असेल तर

डिस्कमधून ठराविक अंतराने खट्-खट् असा आवाज येणे, घासल्यासारखा आवाज येणे, किंवा एक फाईल वाचायला दहा-दहा मिनिटे लागणे ही आजाराची लक्षणे आहेत. डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारे डोके तिच्यावरून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगते. ते तबकडीला टेकले तर प्रत्येक फेऱ्याला माहिती खरवडली जाते. म्हणून खट्-खट् ऐकू येताच वीज बंद करावी. डिस्क फ्रीजमध्ये ठेवणे, टेबलावर आपटणे, झाकण उघडून पाहणे हे गल्लीतले इलाज आहेत. धुळीचा एक कणही आत गेला तर पुरे. झाकण फक्त धूळविरहित खोलीतच उघडतात.

डिस्क वाचता येते पण मधूनच अडते, अशी असेल तर फाईल-फाईल न करता संपूर्ण डिस्कची प्रतिमा एकदाच उतरवावी व पुढचे काम प्रतिमेवर करावे. ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन आधी चांगला भाग वाचून घेते व खराब भागाकडे शेवटी वळते. हे जमणाऱ्या जाणत्या मुलाकडूनच करून घ्यावे.

डिस्क दुकानाबाहेर द्यावी लागली तर कामाचा अंदाजी खर्च, माहिती न मिळाल्यास किती पैसे घेणार आणि आपल्या माहितीची नक्कल स्वतःकडे न ठेवण्याची कबुली, हे तिन्ही लिहून घ्यावे. गिऱ्हाइकांचे फोन, पत्ते, आधार-पॅनच्या झेरॉक्स प्रती त्यात असतात. ती लोकांची अमानत आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही तिची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

पडताळणी

नक्कल झाल्यावर दोन्ही बाजूंच्या फोल्डरांचे गुणधर्म उघडून फायलींची संख्या व एकूण बाइट जुळतात का पाहावे. त्यानंतर प्रत्येक वर्षातली निदान एक फाईल उघडावी. टॅलीत प्रत्येक वर्षाचा ताळेबंद नव्या संगणकावर काढून जुन्या छापील ताळेबंदाशी आकडा-आकडा ताडावा. आठ-दहा मोठ्या खातेदारांच्या बाक्या तपासाव्यात. जे लोक रमजानात जकातीचा हिशेब करतात त्यांनी मागील वर्षाचा मालसाठा व येणी नव्या यंत्रावर निघतात की नाही हे त्याआधीच पाहून घ्यावे.

पुढे नेहमीसाठी एक साधा नियम पाळावा : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतील एक दुकानाबाहेर. तळमजल्याच्या दुकानातील दोन्ही प्रती एकाच पाण्यात बुडतात. घरी वरच्या मजल्यावर ठेवलेली डिस्क वाचते. नव्या एसएसडीबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती वेगवान असते, पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तिच्यातील माहिती विरण्याचा धोका असतो. कपाटातील प्रतीसाठी फिरती हार्ड डिस्क बरी, आणि तीही वर्षातून एकदा लावून पाहावी. नव्या विंडोजमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. त्याची परत मिळवण्याची किल्ली, म्हणजे ४८ अंकी क्रमांक, कागदावर उतरवून घरातील दोघांना माहीत असेल अशा जागी ठेवावी. वारसांचा प्रश्न वर सांगितला तो येथेही लागू आहे.

जुन्या डिस्कचे शेवटी काय?

निदान एक आर्थिक वर्ष, म्हणजे एक ऑडिट पार पडेपर्यंत जुनी डिस्क जपावी. तिच्यावर दुकानाचे नाव, वर्षे व नक्कल केल्याची तारीख लिहावी आणि ओल शोषणाऱ्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवावी, कारण आपल्या पावसाळी हवेत जोडणीच्या पिना गंजतात.

त्यानंतर ती काढून टाकायची झाली तर नुसते डिलीट करणे किंवा झटपट फॉरमॅट करणे पुरेसे नाही. त्याने केवळ अनुक्रमणिका पुसली जाते, पाने तशीच राहतात. चालू डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन करणारे साधन चालवावे. बंद पडलेल्या डिस्कच्या तबकड्यांना ड्रिलने आरपार भोके पाडावीत. मग ती ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाईल अशी सोय करावी. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत.

हे सर्व काम सावकाश केले तरी एका लहान दुकानाला दोन शुक्रवार-शनिवार पुरतात. पावसाळ्याची वाट पाहू नये आणि डिस्क खट्-खट् करेपर्यंत थांबू नये. माळ्यावर जुना डबा असेल तर याच आठवड्यात तो खाली उतरवून, आत काय आहे याची यादी करावी. अल्लाहतआला आपल्या रोजीत बरकत देवो आणि देण्याघेण्यात आपल्याला साफ ठेवो. आमीन.